शेजाऱ्यांना वायफाय द्यायचंय? आधी नेटवर्क वेगळं करा, मग पासवर्ड सांगा

शेजाऱ्यांचं नेट बंद पडलं, पाहुणे आलेत, मुलाची ऑनलाइन परीक्षा आहे, कारण काहीही असो, "जरा वायफायचा पासवर्ड सांगता का?" या प्रश्नाला नाही म्हणणं जिवावर येतं. नाही म्हणायची गरजही नाही. पण घरातला रोजचा पासवर्ड सांगून टाकला की एकदम दोन गोष्टी होतात. एक म्हणजे शेजाऱ्यांची उपकरणं तुमच्या घरच्या नेटवर्कच्या आत येतात, जिथे तुमचा प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही आणि लॅपटॉप असतात. दुसरी म्हणजे ते इंटरनेटवर जे काही करतील ते तुमच्या कनेक्शनच्या खात्यावर जमा होतं. पहिल्या गोष्टीचा बंदोबस्त एका संध्याकाळीत करता येतो. दुसरीचा पूर्ण बंदोबस्त होत नाही, धोका फक्त कमी करता येतो. बहुतेक लोक या दोहोंची गल्लत करतात आणि पासवर्ड लांबलचक ठेवला म्हणजे काम झालं असं समजतात. ज्याला तो सांगून टाकलाय त्याच्यापुढे लांबी काय कामाची?

पासवर्ड दिल्यावर आत काय काय उघडं पडतं

राउटरची भिंत बाहेरच्या जगासाठी असते. बाहेरून आगंतुक आलेली जोडणी राउटर आत सोडत नाही. पण एकदा वायफायला जोडलेलं उपकरण घरचंच मानलं जातं आणि घरातली बहुतेक उपकरणं एकमेकांकडे ओळखपत्र मागत नाहीत. प्रिंटर समोरून आलेलं पान मुकाट्याने छापतो. टीव्ही कुठल्याही फोनवरून आलेला व्हिडिओ लावतो. नेटवर्कला जोडलेल्या हार्डडिस्कवरचं 'पब्लिक' फोल्डर अनेकदा पासवर्डशिवाय उघडतं. स्वस्तातल्या काही कॅमेऱ्यांचं थेट चित्रण कॅमेऱ्याचा पत्ता माहीत असेल तर साध्या व्हिडिओ प्लेअरमध्येही दिसतं, कारण त्याला वेगळा पासवर्ड लावलेलाच नसतो.

शेजारी भला माणूस आहे हे इथे उत्तर होत नाही. प्रश्न त्यांच्या हेतूचा नसून त्यांच्या लॅपटॉपचा आहे. मे २०१७ मध्ये पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून (संगणकाच्या एका ठरावीक दारातून), एका संगणकातून त्याच नेटवर्कमधल्या दुसऱ्यात आपोआप शिरत होता. कुणी कुठल्या लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. शेजाऱ्यांच्या मुलाने फुकटचा गेम उतरवला आणि त्यासोबत असलं काही आलं, तर तुमचा अपडेट न केलेला संगणक त्याला एका पावलावर आहे.

त्याहून मोठा धोका खुद्द राउटरचा. राउटरचं ॲडमिन पेज, म्हणजे सेटिंग बदलायचं पान, सहसा आतून कुणालाही उघडतं आणि कित्येक घरांत त्याचं युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही अजून 'ॲडमिन'च असतात. तिथे शिरलेला माणूस किंवा व्हायरस एकच सेटिंग बदलतो: डीएनएस. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था. ती बदलली की तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाइप करूनही भलत्याच सर्व्हरवर पोहोचता, आणि असं फक्त तुमचं नाही, घरातल्या प्रत्येक उपकरणाचं होतं. डीएनएसचेंजर नावाचा व्हायरस हेच करायचा. तो संगणकाचं डीएनएस बदलायचाच, शिवाय कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेल्या राउटरमध्येही शिरू पाहायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी पकडली गेल्यावरही बाधित संगणक इतके होते की त्यांचं नेट एकदम बंद पडू नये म्हणून पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. आज ब्राउझर 'प्रमाणपत्र बरोबर नाही' असा इशारा देतो, त्यामुळे असली फसवणूक सहज पकडली जाते; अट एवढीच की इशारा आल्यावर 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही.

यूपीएनपीचंही तेच. गेम आणि व्हिडिओ कॉलच्या सोयीसाठी असलेल्या या सुविधेमुळे आतलं कुठलंही उपकरण राउटरला सांगून बाहेरच्या जगासाठी दार उघडून घेऊ शकतं. पासवर्ड विचारला जात नाही, सूचनाही येत नाही.

हवेतून जाणाऱ्या माहितीचं काय? डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत सगळे एकच पासवर्ड वापरतात. प्रत्येक उपकरणाची चावी वेगळी असते खरी, पण ती त्याच पासवर्डातून आणि जोडणीच्या वेळी उघड्यावर होणाऱ्या चार संदेशांतून तयार होते. पासवर्ड माहीत असलेल्याने ते चार संदेश पकडले की तुमच्या फोनची रहदारी त्याला उलगडता येते. डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीत हे असं बसल्या बसल्या ऐकून जमत नाही. अर्थात हल्ली बहुतेक वेबसाइट एचटीटीपीएस (साइटपर्यंतची कूटबद्ध जोडणी) वापरतात, म्हणून मजकूर आणि पासवर्ड सुरक्षित राहतात; मात्र तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे बऱ्याचदा दिसतं.

शिवाय पासवर्ड एका माणसाकडे राहत नाही. अँड्रॉइड फोनवर 'शेअर' दाबल्यावर जो क्यूआर कोड येतो, त्यात पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. कुठल्याही स्कॅनरने तो वाचता येतो. फोनच्या बॅकअपमधून तो त्याच खात्याच्या पुढच्या फोनवरही जातो. तुम्ही शेजारच्या काकूंना दिलेला पासवर्ड महिनाभरात त्यांच्या भाच्याच्या मित्राच्या फोनवर असू शकतो, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो.

जे उपाय लोक करतात आणि ज्यांचा उपयोग होत नाही

नेटवर्कचं नाव लपवणं. लपवलेलं नावही एखादं उपकरण जोडलं जाताना हवेत उघडपणे जातं. उलट तुमचा फोन बाहेर असतानाही "अमुक नेटवर्क आहे का?" असं ओरडत फिरतो.

मॅक फिल्टर, म्हणजे ठरावीक उपकरणांनाच परवानगी. मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा वायफायवरचा ओळखक्रमांक) कूटबद्ध होत नाही, त्यामुळे तो पाहून नक्कल करता येते. दुसरं म्हणजे अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी खोटा, यादृच्छिक मॅक पत्ता वापरतात. फिल्टर लावला की घरच्याच फोनना कुलूप लागतं. वेळ घालवू नका.

आधी राउटरचं घर नीट लावा

कामाला बसताना एक लॅपटॉप, शक्य असेल तर नेटवर्क केबल, आणि राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो जवळ ठेवा. केबल यासाठी की वायफायच्या सेटिंग बदलताना वायफाय तुटतं आणि अर्धवट बदल जतन होतो की नाही कळत नाही. घरात कुणाची ऑनलाइन मीटिंग चालू नाही ना, तेही विचारून घ्या.

१. राउटरचा पत्ता शोधा. फोनच्या वायफाय तपशिलात 'गेटवे' किंवा 'राउटर' म्हणून जो पत्ता असतो तो हाच. बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी तो इंग्रजी अंकांत टाका. काही राउटरना फक्त ॲप असतं. तिथेही पुढच्याच सेटिंग थोड्या वेगळ्या नावांनी सापडतील.

२. बदल करण्याआधी 'बॅकअप' किंवा 'सेव्ह कॉन्फिगरेशन' ने सध्याच्या सेटिंगची फाइल उतरवून ठेवा. 'वॅन' किंवा 'इंटरनेट' पानाचा फोटो काढा. तिथे पीपीपीओई (कंपनीकडे लॉगिन करून नेट सुरू करण्याची पद्धत) लिहिलेलं असेल तर त्याचं युजरनेम आणि पासवर्ड तुमच्याकडे आहेत याची खात्री करा. पुढे कधी रीसेट करावं लागलं तर हे नसल्यामुळेच लोक दोन दिवस नेटशिवाय बसतात.

३. ॲडमिन पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि वेगळाच ठेवायचा.

४. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधली 'क्रॅक' ही त्रुटी उघड झाली, तेव्हा ती दुरुस्त करायला फोन, लॅपटॉप आणि राउटर या सगळ्यांना अपडेट लागले होते. अपडेट चालू असताना वीज गेली तर राउटर निकामी होऊ शकतो. कंपनीने तुमच्या मॉडेलला अपडेट देणं थांबवलं असेल तर तो राउटर कुणाशीही वाटून घेण्याच्या लायकीचा राहिलेला नाही.

५. डब्ल्यूपीएस बंद करा. हे कटाक्षाने. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची ही सोय. पिनमध्ये आठ आकडे असले तरी राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो: पहिले चार, मग पुढचे तीन, आठवा आकडा नुसता पडताळणीचा असतो. म्हणजे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त १०,००० अधिक १,०००, अशा ११,००० प्रयत्नांत ती सापडते. २०११ मध्ये हे उघड झालं. गंमत अशी की वायफायचा पासवर्ड बदलला तरी ही पिन तीच राहते. पिन एकदा कळलेल्याला नवा पासवर्डही आपोआप मिळतो.

६. यूपीएनपी आणि 'रिमोट मॅनेजमेंट' (घराबाहेरून राउटरच्या सेटिंग बदलण्याची सोय) बंद करा. यूपीएनपी बंद केल्यावर एखाद्या गेम कन्सोलने कुरकुर केली, तर त्या एका उपकरणापुरतं पोर्ट हाताने उघडा.

मुख्य नेटवर्कचा पासवर्ड बदला, नाव सांभाळून

शेजाऱ्यांकडे जुना पासवर्ड आधीच असेल तर नुसतं गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) सुरू करून काही साधत नाही. त्यांचे फोन सवयीने जुन्याच नेटवर्कला जोडले जातील. मुख्य पासवर्ड बदलावाच लागतो.

इथे एक युक्ती सुचवली जाते: जुनं नाव आणि जुना पासवर्ड गेस्ट नेटवर्कला द्यायचे, आणि घरासाठी नवं नाव, नवा पासवर्ड ठेवायचा. शेजाऱ्यांना काही सांगावंच लागत नाही, त्यांची उपकरणं आपोआप बाहेरच्या खोलीत जातात. पण तुमचा प्रिंटर, टीव्ही आणि कॅमेराही त्यांच्याबरोबरच जातात! आठवडाभर सगळं ठीक वाटतं आणि मग लक्षात येतं की कॅमेरा शेजाऱ्यांच्या नेटवर्कात आहे. ही युक्ती वापरायची असेल तर घरातल्या प्रत्येक उपकरणावर जुनं नेटवर्क 'विसरा' म्हणून काढून टाका आणि यादी करून एकेकावर टिक करा. त्यापेक्षा दोन्ही नावं आणि दोन्ही पासवर्ड नवे ठेवणं आम्हाला जास्त सरळ वाटतं. एक संध्याकाळ उपकरणं पुन्हा जोडण्यात जाते, पण अंधारात काही राहत नाही.

सुरक्षा प्रकारात डब्ल्यूपीए३ निवडा. घरात जुनी उपकरणं असतील तर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय घ्या. मात्र त्यात डब्ल्यूपीए२ वरून जोडलेल्या उपकरणांचं संरक्षण डब्ल्यूपीए२ इतकंच राहतं. डब्ल्यूईपी किंवा नुसतं डब्ल्यूपीए या जुन्या पद्धती दिसल्या तर ताबडतोब बदला. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून वीसेक अक्षरांचा केला की पुरे. आडनाव, मोबाइल नंबर, घर क्रमांक नकोत, कारण जोडणीचे ते चार संदेश पकडून नेऊन पासवर्डाचे अंदाज घरी निवांत, हवे तितके करता येतात.

गेस्ट नेटवर्क: एकेक खूण तपासून

आता गेस्ट नेटवर्क सुरू करा. चूक होते ती खालच्या दोन-तीन ठिकाणी.

सुरक्षा प्रकार आपोआप 'ओपन' असू शकतो. तो बदलून डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ करा. पहिल्यांदा उघडणाऱ्या पानावर पासवर्ड विचारणं म्हणजे सुरक्षा नव्हे. तिथे हवेतली रहदारी उघडीच असते.

'पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क वापरू द्या' अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यावर खूण नको. हीच ती भिंत. ही चौकट टिक केली तर गेस्ट नेटवर्क म्हणजे नुसतं दुसरं नाव.

'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' ही वेगळी सेटिंग आहे. ती पाहुण्यांना एकमेकांपासून तोडते. दोन-तीन घरं एकच गेस्ट नेटवर्क वापरणार असतील तर ती हवीच, नाहीतर एका शेजाऱ्याचा लॅपटॉप दुसऱ्या शेजाऱ्याच्या टीव्हीपर्यंत पोहोचेल. तिचा तोटाही आधीच सांगून ठेवा: शेजाऱ्यांना स्वतःच्या फोनवरून स्वतःच्याच टीव्हीवर व्हिडिओ लावता येणार नाही, प्रिंटर दिसणार नाही. "नेट चालतंय पण टीव्हीला फोन सापडत नाही" ही तक्रार आली तर आयसोलेशन काढू नका. त्यांच्यासाठी वेगळा राउटर हा त्यावरचा उपाय आहे, तो पुढे येतो.

वेगाची मर्यादा घाला, आणि डाउनलोडपेक्षा अपलोडची आधी. कनेक्शन १०० एमबीपीएस डाउनलोड आणि २० एमबीपीएस अपलोडचं असेल, तर पाहुण्यांना ३० आणि ५ पुरे. शेजाऱ्यांच्या फोनने रात्री फोटोंचा बॅकअप सुरू केला की अपलोडची वाट तुंबते आणि तुमचा व्हिडिओ कॉल अडखळतो. डाउनलोडचा आकडा तेव्हाही झकास दिसत असतो, म्हणून कारण सापडत नाही.

वेगाची आणखी एक मेख आहे. वायफायवर एका वेळी सहसा एकच उपकरण बोलतं. भिंतीपलीकडचा, क्षीण सिग्नलवरचा फोन सावकाश बोलतो आणि तेवढा वेळ हवा अडवून ठेवतो. म्हणजे त्याने कमी डेटा वापरूनही सगळ्यांचा वेग पडतो, आणि एमबीपीएसची मर्यादा घालून हे सुटत नाही. जमल्यास घरचे फोन आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या आणि गेस्ट नेटवर्क फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालू ठेवा. २.४ भिंतीतून लांबवर जातं, त्यामुळे शेजाऱ्यांचीही सोय होते.

पाहुण्यांसाठी डीएनएस वेगळं देता येत असेल तर ९.९.९.९ किंवा १.१.१.२ टाका, हे दोन्ही पत्ते व्हायरस पसरवणाऱ्या ज्ञात साइट अडवतात. बाहेर जाणारं २५ क्रमांकाचं पोर्ट अडवण्याची सोय असेल तर तेही करा. स्पॅम पाठवणारे व्हायरस तिथून थेट मेल ढकलतात आणि मग तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा पत्ता, काळ्या यादीत जातो. साधे मेल ॲप पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ वापरतात, त्यांचं काही अडत नाही.

भिंत खरंच उभी राहिली का?

ही पायरी सगळे टाळतात. टाळू नका, कारण एका ठरावीक मांडणीत गेस्ट नेटवर्कची भिंत कोसळते: इंटरनेट कंपनीने दिलेलं यंत्र राउटर म्हणून चालू आहे आणि तुमचा स्वतःचा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर आहे. या मोडमध्ये तुमचं यंत्र रहदारीची वाटणी करतच नाही, हवेतून आलेलं सगळं केबलवर ढकलून देतं. कित्येक मॉडेलांत मग घर आणि पाहुणे दोघेही त्या कंपनीच्या यंत्राच्या एकाच नेटवर्कात उतरतात. नाव दिसतं गेस्ट, आत मात्र सगळं एकत्र. जुन्या वायफाय एक्स्टेंडरचंही असंच होऊ शकतं.

तपासणी अशी करा. आधी मुख्य नेटवर्कवरून प्रिंटर, कॅमेरा आणि लॅपटॉप यांचे पत्ते लिहून घ्या आणि एकेकाला पिंग करून (म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवून) उत्तर येतं का पाहा. हे आधी करायचं कारण विंडोजची फायरवॉल (बाहेरून आलेली जोडणी अडवणारी यंत्रणा) पिंगला बहुधा उत्तर देतच नाही; गेस्टवरून उत्तर आलं नाही म्हणून भिंत आहे असा निष्कर्ष काढाल आणि फसाल. जे उपकरण मुख्य नेटवर्कवरून उत्तर देतं, त्यावरच चाचणी घ्या. प्रिंटर यासाठी उत्तम, तो सहसा उत्तर देतो.

आता फोनचा मोबाइल डेटा बंद करून गेस्ट नेटवर्कला जोडा. प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. पान उघडता कामा नये. राउटरचा पत्ता टाका. लॉगिन पान उघडता कामा नये. राउटरचे दोन पत्ते असू शकतात, एक गेस्ट नेटवर्कचा गेटवे आणि दुसरा घरच्या नेटवर्कचा. दोन्ही टाकून पाहा. कंपनीचं वेगळं यंत्र असेल तर त्याचाही पत्ता टाका, त्याचा ॲडमिन पासवर्ड हमखास विसरलेला असतो. शेवटी नेटवर्क स्कॅन करणारं एखादं ॲप चालवा. त्यात तुमचा फोन आणि गेटवे याखेरीज काही दिसायला नको. गेस्ट नेटवर्क २.४ आणि ५ या दोन्हींवर चालू असेल तर चाचणी दोनदा घ्या, कारण काही राउटरवर दोहोंच्या सेटिंग वेगळ्या असतात.

भिंत नसल्याचं दिसलं, तर गेस्ट नेटवर्क राउटर म्हणून चालणाऱ्या मुख्य यंत्रावरच सुरू करा, किंवा तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंटऐवजी राउटर मोडवर न्या. दुसऱ्या पर्यायात 'दुहेरी नॅट' होतं, म्हणजे दोन राउटर एकामागोमाग पत्ते बदलतात: ब्राउझिंग आणि व्हिडिओ ठीक चालतात, काही ऑनलाइन गेम आणि बाहेरून घरात जोडणाऱ्या सोयी अडतात.

केबलने वेगळा राउटर देताना दिशा उलटी होते

कायमची वाटणी असेल तर शेजाऱ्यांच्या घरात त्यांचा राउटर ठेवून तुमच्याकडून केबल नेणं चांगलं. पण इथे सर्रास उलटं केलं जातं. शेजाऱ्यांच्या राउटरचं वॅन पोर्ट (जिथून इंटरनेट आत येतं) तुमच्या राउटरच्या लॅन पोर्टात (जिथे घरातली उपकरणं जोडतात) खोचलं जातं, आणि दोन राउटर आहेत म्हणजे दोन घरं सुरक्षित असं मानलं जातं. प्रत्यक्षात राउटर त्याच्या वॅनकडून येणारं अडवतो, वॅनकडे जाणारं नाही. तुमचं घर त्यांच्या वॅनच्या बाजूला आहे. म्हणून तुम्हाला त्यांची उपकरणं दिसत नाहीत, पण त्यांच्या लॅपटॉपवरून तुमचा प्रिंटर, कॅमेरा आणि राउटरचं लॉगिन पान आरामात उघडतं. संरक्षण मिळालं ते त्यांना. बिल मात्र तुम्ही भरता.

बरोबर मांडणी तीन यंत्रांची. कंपनीचं यंत्र सगळ्यात पुढे, त्याचं स्वतःचं वायफाय बंद. त्याच्या एका लॅन पोर्टातून केबल तुमच्या राउटरच्या वॅनमध्ये, दुसऱ्यातून शेजाऱ्यांच्या राउटरच्या वॅनमध्ये. आता दोन्ही घरं आपापल्या भिंतीमागे राहतात. तिन्हींचे आतले पत्ते वेगवेगळ्या आकड्यांनी सुरू होणारे ठेवा: पुढे १९२.१६८.१, तुमच्याकडे १९२.१६८.१०, त्यांच्याकडे १९२.१६८.२०. राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच पत्ता आला तर तो गोंधळतो आणि नेट अधूनमधून गायब होतं. पुढच्या यंत्राचा ॲडमिन पासवर्ड बदललेला हवाच, कारण त्याचं पान दोन्ही घरांतून उघडतं. राउटर व्हीलॅन (एकाच यंत्रात वेगवेगळी नेटवर्क पाडण्याची सोय) देत असेल तर हेच काम एका यंत्रात होतं, पण व्हीलॅन लावल्यावर घरांमधली रहदारी अडवणारा फायरवॉलचा नियमही हाताने लिहावा लागतो. नुसता व्हीलॅन केला आणि नियम राहून गेला, तर राउटर इमानेइतबारे एका घरातलं दुसऱ्या घरात पोहोचवत राहतो.

नाव तुमचं, वापर त्यांचा

घरातली सगळी उपकरणं बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. गेस्ट नेटवर्कही त्याच पत्त्याने बाहेर पडतं. कुणी चोरीचा सिनेमा उतरवला, धमकीचा मेल पाठवला, किंवा २०१६ च्या मिराईसारख्या व्हायरसने त्यांचा फॅक्टरी पासवर्डवरचा कॅमेरा बळकावून दुसऱ्या साइटवर हल्ला केला, तर नोंदीत तुमचं कनेक्शन सापडतं. पहिली चौकशी तुमच्या दारात येते. नंतर खुलासा करता येतो, पण तोवर तुमचा लॅपटॉप तपासणीसाठी जाऊ शकतो.

म्हणून तीन गोष्टी. कनेक्शनचा करार वाचा. अनेक कंपन्या घराबाहेर वाटणी करायला मनाई करतात आणि कनेक्शन तोडू शकतात. पैसे घेऊन वाटणी करू नका, कारण तिथे तुम्ही शेजारी राहत नाही, परवाना नसलेले इंटरनेट विक्रेते होता. आणि राउटरला नोंदी ठेवण्याची सोय असेल तर कोणतं उपकरण कधी जोडलं होतं एवढी नोंद चालू ठेवा. ती ठेवता हे शेजाऱ्यांना सांगा. न सांगता कुणी कोणती साइट पाहिली हे चाळत बसणं ही त्यांच्या खासगीपणावर घाला आहे. राउटरमध्ये व्हीपीएन क्लायंट (रहदारी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) असेल आणि तो फक्त गेस्ट नेटवर्कपुरता लावता येत असेल, तर त्यांची रहदारी तुमच्या आयपी पत्त्याऐवजी व्हीपीएनच्या पत्त्याने बाहेर पडते. घराचा पत्ता मागे ठेवणारा हा एक तांत्रिक उपाय आहे. वेग थोडा घटतो.

गरज दोन-चार दिवसांचीच असेल तर ही सगळी उठाठेव कशाला? त्यांच्याच फोनचा हॉटस्पॉट लावून द्या.

धोका उलट दिशेनेही असतो. दुसऱ्याच्या वायफायवर बसणाऱ्याने हे गृहीत धरावं की राउटरच्या मालकाला साइटची नावं दिसू शकतात. लॅपटॉपवर ते नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदवा. विंडोजमध्ये त्याने फाइल शेअरिंग आणि आपलं नाव दाखवणं बंद होतं. बँकेच्या पानावर प्रमाणपत्राचा इशारा आला तर तिथेच थांबा आणि मोबाइल डेटावर जा.

वाटणी थांबवताना

गेस्ट नेटवर्क वेगळं असल्याचा खरा फायदा इथे कळतो: ते बंद केलं किंवा त्याचा पासवर्ड बदलला की झालं, घरच्या एकाही उपकरणाला हात लावावा लागत नाही. वाटणी चालू असतानाही दर दोन-तीन महिन्यांनी हा पासवर्ड बदला. जोडलेल्या उपकरणांच्या यादीवर मात्र फार विसंबू नका. यादृच्छिक मॅक पत्त्यांमुळे एकच फोन नव्या नावाने दिसू शकतो, त्यावरून शेजाऱ्यांवर संशय घेऊ नका.

आधी कित्येक महिने मुख्य पासवर्ड दिलेला असेल तर बंद करताना आणखी पाहा: डीएनएसच्या जागी अनोळखी पत्ते आहेत का, 'पोर्ट फॉरवर्डिंग'च्या (बाहेरून आत येण्यासाठी उघडलेल्या दारांच्या) यादीत न ओळखू येणाऱ्या ओळी आहेत का, रिमोट मॅनेजमेंट पुन्हा चालू झालंय का. यातलं काहीही सापडलं तर एकेक सेटिंग दुरुस्त करत बसू नका. राउटर चालू असताना मागच्या बारीक भोकातलं बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून फॅक्टरी रीसेट करा, केबलने जोडून आधी ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर पुन्हा टाका आणि मगच वायफाय सुरू करा. सुरुवातीला उतरवलेली बॅकअप फाइल अशा वेळी परत चढवू नका, बिघडलेली सेटिंग तिच्यासोबतच परत येऊ शकते. सेटिंग हाताने भरा. पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड तेवढे त्या फोटोतून आणि तुमच्या नोंदीतून घ्या.